स्टॅकॅटोचा ठिपका माउसने ओढण्याआधी

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकॅटोचा, म्हणजे स्वर तुटक वाजवायला सांगणारा, ठिपका मनासारखा बसला नाही की हात माउसकडे जातो. ओढला, सोडला, दिसायला बरा. मग तोच व्हायोलिनचा पार्ट बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी एक स्वर वर लिहायचा ठरतो आणि घोळ होतो. स्टाफच्या (पाच रेघांच्या पट्टीच्या) खालून दुसऱ्या घरातला, म्हणजे दोन रेघांमधल्या जागेतला, ‘ए’ मधल्या रेघेवर येऊन ‘बी’ होतो, नोटच्या गोल डोक्यापासून वर गेलेली दांडी खाली जाते, ठिपका खालून वर येतो. हाताने दिलेलं अंतर मात्र जुन्याच जागेचं.

स्टाफवर एकच व्हॉइस (स्वतंत्र स्वरओळ) असेल तर ठिपका आणि टेन्यूटो (स्वर पूर्ण धरायला सांगणारी आडवी रेघ) डोक्याच्या बाजूला, दांडीच्या विरुद्ध. स्टाफच्या आत आले तर ते घरातच बसायला हवेत. टेन्यूटो रेघेवर पडला तर तो रेघेतच मिसळून जातो आणि ठिपका शाईच्या डागासारखा दिसतो. नोट घरात असेल तर चिन्ह लगतच्या घरात. नोट रेघेवर असेल तर लगतचं अर्धं घर डोक्यानेच व्यापलेलं असतं, म्हणून चिन्ह त्याच्या पुढच्या घरात. वरच्या उदाहरणात ‘ए’चा ठिपका पहिल्या घरात, ‘बी’चा थेट चौथ्या.

अ‍ॅक्सेंट (जोर दाखवणारं > चिन्ह) रुंद असतो, तो शक्यतो स्टाफबाहेर. मार्काटो (आणखी जोराचं ^ चिन्ह) बहुतेक वेळा वरच. चिन्हांची गर्दी झाली तर ठिपका सर्वांत आत, मग टेन्यूटो, मग अ‍ॅक्सेंट. ठिपका स्लरच्या (स्वर जोडणाऱ्या कमानीच्या) आत, फर्माटा (स्वर लांबवण्याचं चिन्ह) बाहेर.

एका स्टाफवर दोन व्हॉइस आले की बाजू बदलते: वरच्या व्हॉइसची चिन्हं वर, खालच्याची खाली, म्हणजे दांडीच्या टोकाकडे. नाहीतर दोन ओळींच्या मध्ये अडकलेला ठिपका कुणाचा, हे वाजवणाऱ्याला कळत नाही. इथे एकटा ठिपका डोक्याच्या मध्यावर ठेवला तर दांडीपासून बाजूला पडल्यासारखा दिसतो. लिलीपॉन्ड या मजकूर टाइप करून स्वरलेखन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकड्यात सांगता येतं: ० म्हणजे डोक्याचा मध्य, १ म्हणजे दांडी. (हे काम माउसने करणाऱ्यांच्या चिकाटीला सलाम.)

म्यूझस्कोअरमध्ये आधीच ओढाओढ झाली असेल तर सगळं निवडून कंट्रोल-आर दाबा, चिन्हं मूळ जागी जातील. एखादंच चिन्ह चुकीच्या बाजूला असेल तर ते निवडून एक्स. सगळीकडेच अंतर कमी वाटत असेल तर फॉरमॅटमधल्या स्टाइलमध्ये बदला. तिथलं माप स्टाफच्या घरात मोजतात, घर १.७५ मिमीचं असेल तर ०.२ म्हणजे ०.३५ मिमी. स्टाफ लहान केला की हे अंतरही त्याच प्रमाणात आटतं.