आठ का होत नाही?

गणिताच्या तासाला कोडं बहुधा शेवटी येतं. घंटेला पाच मिनिटं उरतात, मुलं चुळबुळ करू लागतात, मग फळ्यावर एक कोडं पडतं. हुशार म्हणून ठरलेली दोन मुलं ते सोडवून मोकळी होतात आणि बाकीच्यांनी तोवर दप्तरं भरलेली असतात. यात बिचाऱ्या कोड्याचा काय दोष?

त्रिकोणाचंच घ्या. तीन कोपऱ्यांत तीन गोल, प्रत्येक बाजूच्या मधोमध एक. या सहा गोलांत १ ते ६ अंक एकेकदाच भरायचे. तिन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. हे वहीत पेन्सिलीने करायला दिलं की फसतं. खोडून खोडून कागद फाटतो, आणि त्याआधीच खोडायच्या कंटाळ्याने मूल चुकीच्या अंकाला चिकटून बसतं. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या सहा चकत्या द्याव्यात. ३ आणि ६ खाली रेघ मात्र हवी. चकती उलटी फिरली की ३ चा ६ दिसतो आणि कुणीतरी दोन सहा वापरून खुशाल उत्तर काढतं. जोड्या दोघादोघांच्याच. तिसरा नुसता बघत बसतो.

आधी बेरीज ९ सांगावी. ज्यांची झाली त्यांनी ओरडायच्या आत १० द्यावी. ९ ला कोपऱ्यांत १, २, ३ बसतात. १० ला १, ३, ५ लागतात. इथे पुष्कळ जोड्या अडतात, कारण जमलेले कोपरे मोडवत नाहीत. शिक्षकाने गप्प राहायचं ते इथेच, आणि तेच सगळ्यात अवघड.

११, १२ झाले की म्हणावं, आता ८ करा. बराच वेळ चकत्या सरकतात, मग कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘होतच नाही!’ कशावरून? गणित सुरू होतं ते या प्रश्नापासून. सगळ्या अंकांची बेरीज २१. तिन्ही बाजू एकत्र मोजल्या की कोपरे दोनदा येतात. कोपऱ्यांची बेरीज कमीत कमी ६. २१ आणि ६ मिळून २७, त्याचे तीन भाग ९. त्याखाली उतरायला वाटच नाही. फळ्यावर हे दोन ओळींत मावतं, मुलांकडून यायला अर्धा तास जातो. जाऊ द्यावा. अगदीच अडलं तर प्रत्येक बाजूवरून बोट फिरवत मोजायला सांगावं; एकाच कोपऱ्यावर बोट दुसऱ्यांदा टेकलं की बहुतेकांना उमगतं.

९ च्या मांडणीतला प्रत्येक अंक ७ मधून वजा करून त्याच जागी ठेवला की १२ ची मांडणी तयार होते; तसंच १० वरून ११ ची. हे सांगू नये. दोन्ही मांडण्या फळ्यावर शेजारीशेजारी काढून ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसू नयेत.