कुळागरातला कॉर्डलेस: तांब्यावरून फायबरवर, चवथीच्या आत

आमची तांब्याची लाइन जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गेली ती गेलीच. तक्रार केली की लाइनमन यायचा, खांबावर चढायचा, उतरून "केबल भिजली" म्हणायचा आणि आजीच्या हातचा चहा पिऊन जायचा. चौथ्या खेपेला तोच म्हणाला, "आजी, फायबर घ्या. ह्या तारेत आता काही राहिलं नाही." आजीने एकच विचारलं, नंबर बदलणार का? नाही म्हटल्यावर ती तयार झाली. तिच्या म्हापशाच्या बहिणीला तोच एक नंबर पाठ आहे.

घर फोंड्याकडचं, जुनं. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, मध्ये उघडा चौक, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. पूर्वी पडवी, माजघर आणि माडीवरची खोली अशा तीन जागी फोन होते, सगळे एकाच तारेवर समांतर. आता पडवीत ओएनटी, म्हणजे फायबरमधून फोन आणि इंटरनेट काढून देणारी पेटी, बसली: मागे हिरव्या टोकाची फायबर, बाजूला लॅनची भोकं आणि एक छोटं भोक, त्यावर "टेल". बसवणाऱ्याने त्यात एक साधा फोन खुपसला, डायल टोन ऐकवला आणि स्कूटर चालू केली. बाकी घराचं काय, ते माझ्यावर.

पहिला रविवार: जुनी तार वापरायचा मोह

सगळ्यांना सुचतं तेच मलाही सुचलं. घरभर तार आहेच, मग ओएनटीचं टेल भोक भिंतीतल्या जुन्या रोझेटला (टेलिफोनच्या तारा जोडायच्या डबीला) जोडलं की झालं. जोडण्याआधी मीटर लावला हे नशीब. ज्या लाइनवर महिनाभर टोन नव्हता तिच्यावर ३७ व्होल्ट! एक्स्चेंजची बॅटरी ४८ व्होल्टची. भिजलेल्या केबलमधून गळत गळत एवढे आमच्यापर्यंत पोचत होते. ओएनटीचा पोर्टही स्वतः तेवढाच दाब देतो. दोन्ही एकत्र जोडले असते तर दोघे एकमेकांवर ढकलाढकली करत बसले असते आणि त्यात पोर्टच जायचा. शिवाय तिकडून चुकून रिंग आली तर ती ७५ व्होल्टच्या आसपासची एसी. तेव्हा हे काम करणार असाल तर खांबाकडून येणारी जोडी आधी कापा, टोकं वेगवेगळी टेप करा, मगच घरातल्या तारेला हात लावा.

कापण्यासाठी रोझेट उघडला. आत मुंग्यांचं वारूळ आणि स्क्रूंवर हिरवागार कळंक. घासून, नवी टोकं सोलून जोडलं. टोन आला, पण मागे सतत घुर्र. चाळीस वर्षांच्या तारेला नावं तरी किती ठेवायची. तार भिंतीतच राहू दिली आणि कॉर्डलेसकडे वळलो.

कॅनडाचं खोकं

मामेभावाने कॅनडाहून आणलेला तीन हँडसेटचा कोरा संच माळ्यावर पडून होता. लावणारच होतो. खोक्यावर "डेक्ट ६.०" वाचलं आणि थांबलो. डेक्ट म्हणजे बेस आणि हँडसेट एकमेकांशी रेडिओवर बोलतात ती पद्धत. नाव डेक्टच, पण अमेरिका-कॅनडाचा पट्टा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ. युरोपात आणि आपल्याकडच्या दुकानात मिळतो तो १८८० ते १९०० चा. एकाचा हँडसेट दुसऱ्याच्या बेसला दिसतही नाही. त्यात १९२० पासून वर मोबाइलचा चढता, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडे जाणारा, पट्टा सुरू होतो, म्हणजे आपल्या फोनने मोबाइलवाल्यांच्या कानाशी कुजबुज करायची. वर अडॅप्टर १२० व्होल्टचा. खोकं परत माळ्यावर. मामेभावाला अजून सांगितलेलं नाही.

(जाता जाता: डेक्ट आपल्याला नवं नाही. आयआयटी मद्रासने नव्वदच्या दशकात ह्याच तंत्रावर कॉर-डेक्ट उभं केलं, खेडोपाडी तारेशिवाय टेलिफोन पोचवायला.)

पणजीहून तीन हँडसेटचा पॅनासोनिक आणला. ह्यात बेस एकच असतो आणि टेलिफोनची तार फक्त त्यालाच लागते. बाकीच्या दोघांना नुसती चार्जिंगची बैठक, म्हणजे एक प्लग. भिंत फोडणं नाही, तार ओढणं नाही. जुन्या संचातला जर्मन हँडसेटही त्याच बेसवर चढवून पाहिला. बेसवरचं बटण दाबून धरलं, हँडसेटच्या मेनूत नोंदणी, पिन ०००० आणि पीप! जीएपी नावाच्या सामायिक करारामुळे परक्या कंपनीचा हँडसेट फोन घेतो-करतो, पण फोनबुक वाटून घेत नाही. तो मी कुळागरासाठी ठेवला. सेल मात्र रिचार्जेबल निकेलचेच घाला. बाबांनी दुकानातले साधे पेन्सिल सेल घातले होते. बैठकीवर ठेवायच्या आत काढून घेतले. ते चार्ज होत नाहीत, फुटतात.

चौक हाच अँटेना

बेस ओएनटीजवळ, म्हणजे पडवीत ठेवला. माहितीपत्रकात घरात ५० मीटर, उघड्यावर ३०० मीटर. आमच्याकडे माजघर पंधरा पावलांवर, तरी आजीचा आवाज तुटायचा. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसलेला असतो. ओले दगड रेडिओलहरी गिळतात.

ओएनटी आत हलवावी असं आधी वाटलं, पण फायबर वाकवायची भीती. मग ध्यानात आलं, हलवायचा आहे तो बेस. ओएनटीपासून बारा मीटर साधी चपटी टेलिफोन तार वाशांवरून नेली आणि बेस चौकाच्या खांबावर, पागोळ्यांपासून दोन हात आत, एका लाकडी फळीवर. चौकाच्या चारही बाजूंना दारं आणि खिडक्या. लहरी तिथून खाली-वर, आडव्या, कुठेही भिंत न फोडता जातात. आता आजीच्या खाटेवर सिग्नलच्या पूर्ण दांड्या, माडीवर पूर्ण, आणि मागच्या दाराने कुळागरात पहिल्या पोफळींच्या रांगेपर्यंत बोलता येतं. त्यापुढे पंपाच्या खोलीशी पीप-पीप. तिथे रिपीटर (सिग्नल पुढे ढकलणारा डबा) लावायचा का, ते पाऊस ओसरल्यावर बघू. वायफायशी भांडण अजिबात नाही. ते जुन्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या कॉर्डलेसचं दुखणं.

"तुझा फोन मेला रे"

हे सगळं करून विजयी मुद्रेने हँडसेट आजीला दिला. तिने म्हापशाचे सात आकडे दाबले, कानाला लावला, थोडं थांबली आणि ठेवून दिला. "तुझा फोन मेला रे." मी करून पाहिला तर लागला. तिने पुन्हा केला, पुन्हा मेला. तिच्या शेजारी बसून घड्याळ लावलं. शेवटचा आकडा दाबल्यापासून पलीकडची रिंग ऐकू येईपर्यंत पाच सेकंद पूर्ण शांतता. जुन्या एक्स्चेंजला सातव्या आकड्याला कळायचं की नंबर पुरा झाला. ओएनटी मात्र आणखी आकडा येतोय का म्हणून वाट बघते, मग सगळा नंबर एकदम इंटरनेटवरून धाडते. आजीचा धीर चार सेकंदांचा.

उपाय हाताशीच होता. नंबरनंतर # दाबलं की वाट बघणं बंद, लगेच लागतो. निदान आमच्या ओएनटीवर. पण # म्हणजे काय हे आजीला कसं सांगणार? तिनेच बटण निरखून म्हटलं, "ही रांगोळी?" ठरलं, शेवटी रांगोळी.

दुसरी गंमत शून्याची. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. जुन्या हँडसेटच्या फोनबुकात मामांपासून भटजींपर्यंत सगळे शून्याविना होते. आजीने वर्षानुवर्षं फक्त लँडलाइनवाल्यांनाच फोन केल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक संध्याकाळ बसून ४१ नावं दुरुस्त केली, आणि त्यातली सहा माणसं आता नाहीत हे तेव्हा कळलं. आजी म्हणाली, राहू दे.

लाईट गेली

चवथीच्या तीन दिवस आधी दुपारी लाईट गेली, आणि घरातला प्रत्येक फोन एकदम मुका झाला. माझी चूक मोठी होती. ओएनटीसाठी मी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आधीच घेतला होता, त्यामुळे ओएनटी हिरवे दिवे लावून ऐटीत चालू. पण बेसला स्वतःचा अडॅप्टर असतो! तो भिंतीवर, भिंत मेलेली. बेस मेला की हातातला चार्ज भरलेला हँडसेट म्हणजे नुसतं खेळणं. जुन्या लाइनवर फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच त्याच दोन तारांतून पाठवायचं, म्हणून वादळात सगळा गाव अंधारात असतानाही काळा फोन खणखणायचा. त्याची इतकी सवय की ती वीज कुठून येते हा प्रश्नच पडत नव्हता.

तर आता रचना अशी: टेल भोकाला दोन तोंडांचा जोड, एका तोंडातून बेसकडे जाणारी तार, दुसऱ्यात पडवीतच एक साधा तारेचा फोन. हा अडॅप्टर मागत नाही, ओएनटीच्या पोर्टवरच जगतो. मिनी यूपीएसचे सेल २२ वॅट-तासांचे, ओएनटी साधारण ८ ते १० वॅट खाते. घड्याळ लावून मोजलं तर दोन तास पाच मिनिटं. बेससाठी घरच्या इन्व्हर्टरची एक वायर चौकापर्यंत आणली. काकी म्हणाली, पंख्याची वायर मात्र माझ्या खोलीत आणता येत नाही.

उरलेलं

आजोबांचा आयटीआय कंपनीचा डायल फिरवायचा फोन. जोडला, बोलणं स्वच्छ, पण घंटी खणखणत नाही, आजारी मांजरासारखी घुरघुरते. ओएनटीची रिंग अशक्त. आणि डायल फिरवला तर काहीच नाही, कारण तो सेकंदाला दहा ठोके मोजून नंबर सांगतो आणि आमच्या पोर्टला फक्त बटणांच्या फोनचे दुहेरी सूर कळतात. ठोक्यांचे सूर करून देणारं एक छोटं सर्किट जुळवायला घेतलंय. कुणी केलं असेल तर कोणता मायक्रोकंट्रोलर वापरला ते सांगा.

चवथीच्या सकाळी, माटोळी (गणपतीवरचं फळांचं छत) बांधून झाल्यावर, लाईट पुन्हा गेली. पडवीतला फोन वाजला. आजी लगबगीने गेली, उचलला, म्हापसाच होतं. पाऊण तास बोलली. ठेवताना मला म्हणाली, "ह्याला रांगोळी लागत नाही वाटतं." आलेल्या फोनला नाही लागत, असं सांगितलं.