२३६ एमबीची अडगळ

गेल्या ऑगस्टमध्ये, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलण्याचे मोठे अपडेट संपवून मी २०१२ साली घेतलेला लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तेव्हा पासवर्ड विचारणाऱ्या नेहमीच्या पडद्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा एक ठोकळा उमटला आणि कॅप्स लॉकचा दिवा एकसारखा लुकलुकू लागला. शेवटच्या ओळीत ‘कर्नल पॅनिक’ असे शब्द होते, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल हा प्रोग्रॅम पुढे जाता न आल्याने थांबला होता. कोणतेही बटण दाबले तरी काही हलत नव्हते. पॉवरचे बटण दाबून धरले तेव्हा कुठे तो दिवा विझला.

या लॅपटॉपवर मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा हिशोब ठेवतो. सचिवपद माझ्याकडे असल्यामुळे सभासदांची थकबाकी, पावत्या, इतिवृत्ते असे सगळे त्यातच आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घेणे बंधनकारक असते. हिशोबाची शेवटची प्रत मी जूनमध्ये काढलेली होती. पुढचे दोन महिने फक्त त्या डिस्कवर होते.

पडद्यावरच्या ठोकळ्याचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला. मूळ फाइल प्रणाली जोडता येत नाही, ‘रूट’चा पर्याय बरोबर द्यावा, उपलब्ध पार्टिशने (डिस्कचे पाडलेले भाग) खालीलप्रमाणे आहेत, अशा अर्थाचा तो इंग्रजी मजकूर होता, परंतु ‘खालीलप्रमाणे’च्या खाली एकही पार्टिशन नव्हते. यादी रिकामी होती. माझ्यासारख्या माणसाने त्यावरून जो अर्थ काढायचा तोच मी काढला, की डिस्क गेली.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला. तिथल्या मुलाने बॅटरी काढली, रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवली, दोनदा मशीन सुरू केले आणि माझ्याकडे न पाहताच सांगितले, ‘काका, हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाहीये. मदरबोर्ड गेलाय. एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका.’ त्याचा राग मानण्याचे कारण नव्हते, कारण मीही आदल्या रात्री तोच निष्कर्ष काढून झोपलो होतो. फरक इतकाच की तो डिस्कवर न थांबता मदरबोर्डपर्यंत गेला.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मला फार बोलू देत नाही. फोटो पाहून त्याने विचारले, ‘मामा, हा मेसेज कोणी छापला?’ मी म्हटले, लॅपटॉपने. ‘लॅपटॉपने नाही, कर्नलने. आणि कर्नल कुठून आला?’

या प्रश्नावर मला उत्तर सुचायला बराच वेळ लागला, पण सुचल्यावर हसू आले. कर्नल त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप सुरू झाल्यावर बायॉस हा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम डिस्कच्या सुरुवातीचा छोटासा तुकडा वाचतो, तो तुकडा ग्रब नावाच्या बूटलोडरला, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, उठवतो, आणि ग्रब डिस्कवरून कर्नलची फाइल उचलून मेमरीत ठेवतो. म्हणजे ज्या डिस्कवरून तो नुकताच वाचला गेला होता, ती डिस्कच नाही असे हा कर्नल सांगत होता. डिस्क खरोखर गेली असती तर ते सांगायला तो उरलाच नसता.

खात्री म्हणून घरातल्या दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता थेट चालणारे लिनक्स) तयार केले आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. डिस्क पहिल्याच फटक्यात दिसली. स्मार्टसीटीएल या आज्ञेने तिची प्रकृती पाहिली, तर खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या शून्य होती. मग माझे लांबलचक सांकेतिक वाक्य देऊन कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेले) पार्टिशन उघडले आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी हिशोबाचे सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. इथपर्यंत आल्यावर खरे तर निम्मी काळजी मिटलेली होती, आणि उरलेले सगळे मी कुतूहलापोटी केले असे म्हटले तरी चालेल.

मग यादी रिकामी का? कर्नलच्या मुख्य फाइलमध्ये सगळ्या प्रकारच्या यंत्रसामग्रीचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कोंबलेले नसतात. माझ्याकडच्या लिनक्समध्ये साटा जोडणीच्या डिस्कचा ड्रायव्हरसुद्धा सुट्या मॉड्यूलच्या रूपात असतो, आणि ती मॉड्यूले असतात मुख्य पार्टिशनवर. मुख्य पार्टिशन उघडायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला मुख्य पार्टिशन उघडायला हवे, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी कर्नलबरोबर एक लहानसे गाठोडे दिले जाते, त्याला इनिट्रॅमएफएस म्हणतात. त्यात आवश्यक मॉड्यूले, डिस्कचे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम आणि थोड्या आज्ञा बांधलेल्या असतात. ग्रब कर्नलबरोबर हे गाठोडेही मेमरीत ठेवतो, कर्नल ते सोडतो, त्यातल्या शिदोरीवर डिस्क ओळखतो, मला पासवर्ड विचारतो आणि मग खऱ्या घरात प्रवेश करतो. माझ्या नव्या कर्नलला हे गाठोडेच मिळाले नव्हते.

का मिळाले नाही, हे एका आज्ञेत कळले. डीएफ चालवून जागा पाहिली, तर बूट पार्टिशनचा एकूण आकार २३६ एमबी आणि भरलेला भाग १०० टक्के.

आता या २३६ एमबीची कथा सांगणे भाग आहे, कारण तिचा कर्ता मीच आहे. २०१३ साली पहिल्यांदा लिनक्स बसवताना, बँकेची कागदपत्रे आत असणार म्हणून मी संपूर्ण डिस्क कुलूपबंद केली होती. तशा रचनेत कर्नल आणि त्याचे गाठोडे कुलपाबाहेर, बूट नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनवर ठेवतात, आणि त्यासाठी ठेवलेली जागा तेव्हा ऐसपैस वाटावी अशीच होती, कारण त्या काळी एक गाठोडे पंधरा-वीस एमबीचे असे. पुढे कर्नल फुगले, फर्मवेअरच्या फाइली वाढल्या आणि तेच गाठोडे साठ-सत्तर एमबीपर्यंत गेले. २०१९ मध्ये मी जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा सगळे नव्याने बसवण्याचा कंटाळा करून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवली. डिस्क नवी आली, वाटणी मात्र तीच राहिली.

या अपडेटच्या वेळी त्या जागेत आधीच्या अपडेटांतून आलेले दोन कर्नल नांदत होते. तिसऱ्याची मुख्य फाइल कशीबशी मावली आणि गाठोडे बांधायला घेतल्यावर जागा संपली. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ तेव्हा पडद्यावर नक्कीच आली असणार आणि अपडेटच्या शेवटी त्रुटीची सूचनाही आली असणार, पण त्या वेळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो आणि परत आल्यावर सरळ रीस्टार्ट केला. त्याच अपडेटमध्ये ग्रबचीही नवी आवृत्ती होती. तिने यादी नव्याने तयार करताना सर्वांत नवा कर्नल सर्वांत वर ठेवला, त्याच्याकडे शिदोरी आहे की नाही याची चौकशी न करता.

दुरुस्ती त्यामानाने किरकोळ निघाली. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू करताना शिफ्टचे बटण दाबून धरले, तशी ग्रबची एरवी लपलेली यादी समोर आली. त्यातल्या प्रगत पर्यायांमध्ये जुना कर्नल निवडला, आणि ज्या पडद्याची मी दोन दिवस वाट पाहत होतो तो पासवर्डचा पडदा निमूटपणे उभा राहिला. म्हणजे दुकानात जाण्याचीही गरज नव्हती. एक बटण पुरले असते. आत शिरल्यावर यूनेम आज्ञेने चालू कर्नल कोणता ते पाहून ठेवले, कारण चुकून तोच उडवला तर पुन्हा पेनड्राइव्ह शोधावा लागला असता. मग सर्वांत जुना कर्नल डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या आज्ञेच्या पर्ज पर्यायाने काढून टाकला. नको असलेली पॅकेजे काढणारी नेहमीची ऑटोरिमूव्ह आज्ञा या अवस्थेत अडून बसते, कारण तिला आधी अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे असते आणि ते पुरे करायला जागा नसते.

मोकळ्या जागेत नव्या कर्नलचे गाठोडे बांधण्यापूर्वी भाच्याने आणखी एक गोष्ट करायला लावली. इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स’पुढे ‘मोस्ट’ असे लिहिलेले असते, म्हणजे जगातल्या बहुतेक यंत्रांना पुरतील एवढे ड्रायव्हर आत घाल. तिथे ‘डेप’ लिहिले की फक्त याच यंत्राला लागणारे घेतले जातात. उद्या ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावली तर ती कदाचित सुरू होणार नाही, हा त्यातला तोटा. पण हा लॅपटॉप माझ्याआधी निवृत्त होणार असल्याने तो मी पत्करला. नवे गाठोडे ३१ एमबीचे झाले. मग अडकलेली सगळी पॅकेजे मार्गी लावली, ग्रबची यादी पुन्हा तयार केली आणि रीस्टार्ट दिला. या वेळी चहा गाळायला गेलो नाही.

एक शेपूट उरले होते. दुकानात बॅटरी काढल्यापासून लॅपटॉप सुरू होताना तारीख आणि वेळ ठरलेली नाही अशी तक्रार करत होता, आणि बायॉसमध्ये १ जानेवारी २०१२ दिसत होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. घड्याळ इतके मागे असले की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे ठरते आणि अपडेट उतरवणे अडते. बॅटरी आत सीआर २०३२ च असली तरी माझ्या लॅपटॉपमध्ये ती पिवळ्या प्लॅस्टिकच्या आवरणात, दोन बारीक वायरी आणि टोकाला इवलासा कनेक्टर अशा रूपात येते. ती तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळाली. तळाचे नऊ स्क्रू काढून बसवायला वीस मिनिटे लागली, त्यातली दहा एक स्क्रू कॉटखालून शोधण्यात गेली.

संस्थेचा ताळेबंद त्याच लॅपटॉपवर तयार झाला आणि सभाही मुदतीत पार पडली. पार्किंगवरून नेहमीचे भांडण झाले, त्याच्याशी कर्नलचा काही संबंध नाही. परवा पुन्हा एक नवा कर्नल आल्याची सूचना आली. ‘होय’ म्हणण्यापूर्वी डीएफ चालवून पाहिली: दोन कर्नल धरून बूट पार्टिशन ३८ टक्के.