विद्युत मोटारीने 390 किलोमीटर : चार्जिंगच्या थांब्यांचा अनुभव

ज्या देशांत विद्युत वाहने आत्ता कुठे रुळू लागली आहेत, त्यांपैकी एका देशातील महामार्गावर 40 किलोवॅट-तास बॅटरीची मोटार घेऊन एकेरी 390 किलोमीटरचा प्रवास नुकताच केला. नकाशावर चार्जिंगच्या खुणा भरपूर दिसत होत्या. त्यांपैकी नेमक्या किती चालू आहेत, हे मात्र रस्त्यावर उतरल्यावरच कळले.

पहिला थांबा 150 किलोमीटरवर होता आणि तोवर बॅटरी 44 टक्क्यांवर आली होती. तिथल्या दोन यंत्रांपैकी एकाचा पडदा काळा होता. दुसऱ्याची गन (गाडीला जोडायची चार्जिंगची तार) लावताच अर्थिंगमधील दोषाची सूचना आली आणि तीन वेळा प्रयत्न करूनही ती हटली नाही. पुढे 22 किलोमीटरचा, सुमारे 600 मीटर चढाचा घाट होता. त्या एका टप्प्यात 17 टक्के बॅटरी गेली. (परतताना हाच घाट जेमतेम 2 टक्क्यांत उतरला.) म्हणून चढाआधीचा थांबा हुकला तर परत फिरण्याइतकी बॅटरी हाताशी आहे की नाही, हे आधीच मोजून ठेवावे.

दुसऱ्या थांब्यावर 22 टक्क्यांनिशी पोहोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये 60 किलोवॅटचे एकच यंत्र होते, पण ते चालू होते. थोड्याच वेळात दुसरी गाडी आली, यंत्राची शक्ती दोन गनांत वाटली गेली आणि आमचा वेग 30 किलोवॅटवर आला. 80 टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच कमी वीज घेऊ लागते, त्यामुळे 90 टक्के होईस्तोवर सव्वा तास गेला. तिथला कर्मचारी प्रत्येक गाडीची वेळ आणि युनिट वहीत लिहून ठेवत होता. सायंकाळी विजेचा दाब घसरला की यंत्र बंद पडते, असे त्याने सांगितले, म्हणून अशा ठिकाणी दुपारीच पोहोचलेले बरे.

खरी अडचण यंत्रांच्या संख्येची नाही. 60 किलोवॅटच्या यंत्रामागे रोहित्रावर 65 ते 70 केव्हीए (वीजभाराचे एकक) भार मंजूर असावा लागतो आणि त्याचा स्थिर आकार, म्हणजे बिलातील ठरावीक रक्कम, गाड्या आल्या नाहीत तरी अनेक ठिकाणी भरावाच लागतो. दिवसाला चारच गाड्या येत असतील, तर मालक देखभालीवर खर्च करील कशाला? अशा अनेक देशांत विजेवर चालणारी बहुतेक वाहने दुचाकी आणि तीनचाकी आहेत. त्यांना पुरेल असा साधा, संथ प्लग मात्र या मार्गावरील एकाही थांब्यावर नव्हता. तो असता तर त्याच जोडणीवर दिवसभर गिऱ्हाईक मिळाले असते, असे मला मनापासून वाटते.

मुक्कामी 13 टक्के उरले होते. खोलीबाहेरच्या 16 अँपिअरच्या प्लगवर बारा तासांत गाडी 94 टक्क्यांवर आली, म्हणून खोली ठरवतानाच त्या प्लगची आणि त्याच्या अर्थिंगची चौकशी करावी. निघण्यापूर्वी थांब्यावर दूरध्वनी करून "आज गाडी चार्ज झाली का?" असे नेमके विचारावे, कारण "यंत्र आहे का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी होकारार्थीच मिळते. चार्जिंगच्या ॲपमध्ये पैसे घरूनच भरून ठेवावेत. घाटमाथ्यावर आम्हाला मोबाइलची रेंज मिळाली नाही.