रद्दीच्या काट्यावरचे वजन

पशुवैद्यकीय व्यवसायात मांजरांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त अडचण येते ती आजाराच्या पूर्वेतिहासाची. गायीचे दूध घटले तर त्याच संध्याकाळी गोठ्यात कळते, कुत्रा लंगडू लागला तर साऱ्या गल्लीला दिसते. मांजर मात्र दुखणे लपवण्यात इतके पटाईत असते की, ‘‘कालपर्यंत अगदी छान होती हो’’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझ्या दवाखान्यातला आठवडा सरत नाही. म्हाताऱ्या मांजरांच्या मूत्रपिंडविकारात तर हे लपवणे फारच महागात पडते, कारण मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता संपेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, बहुधा वाढलेले दिसत नाही. तोवर मिळणाऱ्या खुणा दोनच, हळूहळू उतरणारे वजन आणि वाढलेली तहान, आणि त्या दोन्हींकडे घरोघरी ‘‘वय झालंय’’ म्हणून पाहिले जाते.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातले काका त्यांच्या मांजरीला, गोदीला, पहिल्यांदा घेऊन आले, तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून मला वजने वाचून दाखवली होती. इतक्या जुन्या तारखांसकट कोणी वजने सांगत नाही, म्हणून ते अंदाजाचे आकडे असावेत असे मी मनाशी धरले आणि उपचार सुरू केले. प्रथिने आणि फॉस्फरस बेताचे असलेला आहार, रक्तदाबाची गोळी, आणि एक दिवसाआड कातडीखाली शंभर मिलिलिटर सलाईन. ते सलाईन काका घरीच देत. सुरुवातीला त्यांचा हात थरथरायचा. महिनाभरात ते माझ्या मदतनिसापेक्षा सफाईने सुई लावू लागले.

फेब्रुवारी 2024 मध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. गोदीने दोन दिवसांत तोंडात काही घेतले नव्हते आणि ती मोरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. आदल्या संध्याकाळी तपासणीसाठी दिलेल्या रक्तात क्रिएटिनिन 9.6 आले होते. पाचाच्या पुढे गेले की मांजराचा मूत्रपिंडविकार शेवटच्या, म्हणजे चौथ्या टप्प्यात धरतात. मांजराला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात आणायला सांगण्याऐवजी मीच निघाले. काळाराम मंदिराजवळच्या त्या बोळात चारचाकी शिरत नाही, म्हणून बॅग खांद्याला लावून दुचाकीवर गेले.

गोदीचे वजन 2 किलो 100 ग्रॅम भरले. ताप मोजण्याची नळी 97 अंशांवर थांबली. निरोगी मांजराचे तापमान साधारण साडेशंभर ते साडेएकशेदोन अंश फॅरनहाइट असते. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, जिभेच्या कडांना व्रण होते आणि श्वासाला लघवीसारखा उग्र वास येत होता. तरीही काकांनी पाठीवर हात ठेवताच ती घुरघुरली. मांजर केवळ सुखातच घुरघुरते असा समज आहे. वेदनेत आणि भीतीतही ते घुरघुरते, आणि त्या दिवशी हे सांगणे मला जड गेले, कारण काकूंनी त्या आवाजावरच सगळी आशा बांधली होती.

मी शांतपणे निद्रामरणाचा विषय काढला. काका काहीच बोलले नाहीत. काकू मात्र ताडकन म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. हे पाप कोणाच्या माथी?’’

शहरी, शिकलेल्या माणसाने अशा वेळी हसून विषय टाळायचा असतो, पण मला ती शंका हसण्यावारी नेण्याजोगी वाटली नाही. ज्या समजुतीने कित्येक पिढ्या मांजरावर काठी उगारणारा हात थांबवला, तिच्याबद्दल मला आदरच आहे. ‘‘सुई माझ्या हातात असणार आहे काकू, तेव्हा जे काही असेल ते माझ्या खात्यावर मांडा,’’ एवढेच मी म्हणाले. त्यांचे समाधान झाले नाही. त्या पदर सावरत शेजारच्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजी रामकुंडावर दशक्रिया करतात. देशभरातून अस्थी घेऊन आलेल्या लोकांचे दुःख रोज त्यांच्यासमोर येऊन बसते. ते स्वतःच उठून आले, गोदीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘पोथीत मांजराचं काही सांगितलेलं नाही वहिनी. पण हिने आमच्याकडचं इतकं दूध चोरून प्यायलंय की आमचंही काही देणंघेणं आहे. सोडवा तिला.’’

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. तो शनिवारी येणार होता आणि तोवर सलाईन लावून कसेही करून निभावा, असे त्याचे म्हणणे होते. शिरेतून सलाईन दिल्याने रक्तातली विषद्रव्ये थोडा काळ पातळ होतात, हे खरे. पण मूत्रपिंडे लघवीच तयार करीनाशी झाली की तेच पाणी फुप्फुसांभोवती साठू लागते. शिवाय त्यासाठी तिला भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी पिंजऱ्यात ठेवावे लागले असते. हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने व्हिडिओ कॉल लावायला सांगितले.

पुढे काय होणार हे मी प्रत्येक घरी आधी सांगते, कारण न सांगितलेली एखादी लहानशी गोष्ट माणसांच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहते. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई, आणि त्यातून भुलेचे औषध नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. मांजराचे डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते, आणि यापैकी कशाचाही अर्थ ती जागी आहे असा होत नाही. एवढे झाल्यावर मी गुंगीचे इंजेक्शन दिले आणि ते चढेपर्यंत सलाईनची बाटली काढून ठेवावी म्हणून भिंतीवरच्या खुंटीकडे वळले.

त्या खुंटीला कालनिर्णयांचा गठ्ठा अडकवलेला होता. वरच्या पानावर दुधाचे लिटर आणि गॅस सिलिंडरच्या तारखा होत्या, आणि त्याच चौकटींच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘गो’ लिहून पुढे आकडे. काका नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. जिथे छापलेल्या प्रत्येक कागदाचा हिशेब लागतो, तिथे उभी हयात काढलेल्या माणसाची ती सवय होती. गोदीचे वजन ते रद्दीवाल्याच्या काट्यावर करीत. महिन्या-दोन महिन्यांनी रद्दीवाला आला की आधी वर्तमानपत्रे, मग कापडी पिशवीतून गोदी, आणि शेवटी रिकाम्या पिशवीची वजावट. चिठ्ठीतले आकडे तिथून आले होते.

सर्वांत खालचे कालनिर्णय 2008 चे होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला आणि पाणी ओसरल्यावर वाड्याच्या जिन्याखाली चिखलात माखलेले एक पिल्लू ओरडताना सापडले. त्या चौकटीत ‘मांजर आले. उद्या सोडणे’ असे लिहिलेले होते. पुढच्या चौकटींत सोडल्याची नोंद नव्हती. ‘गो. उलटी’, ‘गो. रात्री आली नाही’, ‘गो. आली’, ‘गो. गुरुजींचे दूध, माफी मागितली’ अशा ओळी मी उभ्या उभ्या वाचत गेले. 2021 च्या दिवाळीत ‘गो. पाणी फार पिते’ अशी नोंद होती. त्यापूर्वीचे वजन 4 किलो 200, त्यानंतरच्या पानांवर 3 किलो 900, मग 3 किलो 600.

गुंगी चढल्यावर काकांनी गोदीला मांडीवर घेतले. पुढचे सारे दोन-तीन मिनिटांत झाले. मी स्टेथोस्कोपने नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकले, बुबुळाला कापसाचा स्पर्श करून पाहिला आणि मान हलवली. काकांनी वेळ विचारली. मी सांगितली, आणि त्यांनी ती लिहून घेतली.

आता प्रश्न होता तिला कोठे न्यायचे. दगडी फरशीच्या वाड्यात हातभर माती नव्हती. ‘‘गंगेवर नेऊन सोडू,’’ असे काकू म्हणाल्या. इतरांच्या अस्थी जिथे जातात तिथेच हीही जावी, ही त्यांची भावना मला समजत होती, तरी मी स्पष्ट नकार दिला. नदीचा प्रश्न तर आहेच, पण भुलेचे औषध मृतदेहात दीर्घकाळ टिकते आणि तो खाणाऱ्या कुत्र्याला, घारीला, कावळ्यालाही विषबाधा होऊ शकते. खड्डा कंबरेइतका खोल हवा आणि वर दगड हवेत. शेवटी काकूंच्या भाच्याच्या मखमलाबादच्या मळ्यात जायचे ठरले. द्राक्षांची काढणी ऐन भरात होती. तरी त्याने दोन मजूर बांधावर पाठवून खड्डा तयार ठेवला. त्याच्या एका शेजाऱ्याने ‘‘मांजरासाठी एवढं?’’ असे विचारल्याचे मला नंतर कळले. माणूस गेला तर घरी कोणी यायचे, किती दिवस बसायचे, काय बोलायचे हे सारे आपल्याकडे ठरलेले आहे, आणि नाशकात तर ते रोज डोळ्यांसमोर चालते. मांजर गेलेल्या घरात मात्र दुसऱ्या दिवशी कोणी चहालाही टेकत नाही. गुरुजी दहाव्या दिवशी गेले आणि बसले. विधी काही केला नाही, नुसते बसले.

काकांच्या परवानगीने ती कालनिर्णये मी काही दिवस दवाखान्यात आणली आणि आकड्यांचा आलेख काढला. माझ्याकडे येण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीपासून रेघ उतरत गेली होती. आता सात वर्षांपुढचे मांजर आले की महिन्याला एकदा वजन लिहून ठेवा, असे मी आवर्जून सांगते. घरी लहान काटा नसला तर आधी मांजराला घेऊन आपण काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. मात्र अशा काट्यावर शे-दोनशे ग्रॅम निसटतात, तेव्हा भाजीवाल्याचा किंवा रद्दीवाल्याचा काटा केव्हाही चांगला.

कालनिर्णये न्यायला काका आले तेव्हा आलेख टेबलावरच होता. त्यांनी 2021 च्या दिवाळीवर बोट ठेवले. ‘‘इथे आणली असती तर?’’

‘‘आहार तेव्हाच बदलता आला असता, रक्तदाब तेव्हाच आवरता आला असता. थोडे महिने वाढले असते, कदाचित वर्ष. पण मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही, काका. आणि तुम्ही लिहिलंत, म्हणून तर ते दिसतंय.’’

‘‘वर्ष,’’ ते म्हणाले. मग आलेखाची एक प्रत मागून घेतली, गठ्ठा मोजला आणि 2019 चे कालनिर्णय माझ्याकडेच राहिल्याचे दाखवून दिले. त्यात घरपट्टीच्या पावत्यांचे क्रमांक होते.