तुम्ही विचारलंत म्हणून: या माहितीपटात माहिती कुठे आहे?

आमच्या फिल्म क्लबात ‘फाया दायी’ हा इथिओपियातल्या ‘खात’ नावाच्या झाडाभोवतीचा माहितीपट दाखवला की नंतरच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. ‘दोन तास बसलो, पण खात म्हणजे नेमकं काय, किती लोक त्याच्या आहारी गेलेत, सरकार काय करतंय, कोणीच सांगितलं नाही. मग याला माहितीपट का म्हणायचं?’

खात हे इथिओपियाच्या पूर्वेकडे, हरारच्या आसपास मुबलक पिकवलं जाणारं झाड. त्याची कोवळी पानं चघळायची, चोथा गालात धरायचा आणि रस गिळत राहायचं. झोप उडते, भूक मरते, जीभ सैल सुटते आणि मग माणूस हळूहळू स्वतःतच बुडतो. त्या अवस्थेला तिथे ‘मिरकाना’ म्हणतात. हरारच्या सुफींनी रात्रभर जागून जप करता यावा म्हणून हेच पान चघळलं. पण पानातलं कॅथिनोन, म्हणजे ही तरतरी आणणारं रसायन, तोडणीनंतर जेमतेम दोन दिवस टिकतं. त्यामुळे शेतापासून बाजारापर्यंत सगळ्यांनाच घाई.

ही रसायनाची गोष्ट मी नंतर वाचली. चित्रपट पाहताना ती मला हातांवरून कळली होती. फांद्या सोलणारे, पानं निवडणारे, जुड्या बांधणारे, वजन करणारे हात. कोणी मान वर करत नाही. आणि मग तेच पान एखाद्या खोलीत पोचतं, तिथे धूर आणि उन्हाची तिरीप यांखेरीज काही हलत नाही. एकच झाड कष्टकऱ्याला पळवतं आणि चघळणाऱ्याला जागच्या जागी बसवतं. निवेदकाने हे एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी मान डोलावून विसरलो असतो.

दिग्दर्शिका जेसिका बेशीर मेक्सिकोत जन्मली, हरारमध्ये वाढली आणि राजकीय अस्थिरतेमुळे सोळाव्या वर्षी कुटुंबासोबत देश सोडून गेली. परतल्यावर पुढे सुमारे दहा वर्षं ती हे चित्रीकरण करत राहिली, कॅमेराही स्वतःच हाताळला. 2021 साली चित्रपट आला, कृष्णधवल. इतकी वर्षं त्या माणसांजवळ बसलेल्या बाईने आकडे वाचून दाखवायला हवे होते, असं मला वाटत नाही.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पटतो. कॉफीची झाडं काढून शेतकरी खातकडे का वळले, हे समजायला बाहेरचं वाचावं लागतं. खातची छाटणी वर्षातून एकाहून जास्त वेळा होते, पैसा लवकर हाती येतो. कॉफीला वर्षभर थांबायचं आणि भावाचा भरवसा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे उलगडून सांगावं लागत नाही, पण शहरातल्या प्रेक्षकाला थोडा आधार मिळाला असता तर बरं झालं असतं.

आणि चित्रपटातला तो मोहम्मद, चौदा वर्षांचा. खात चघळणाऱ्यांची किरकोळ कामं करतो, घरी बापाच्या लहरी सोसतो, देश सोडून जायचा विचार करतो. ‘किती लोक आहारी गेलेत’ असं तुम्ही विचारता तेव्हा मला हाच मुलगा आठवतो. त्याने स्वतः पान तोंडात घातलं नाही तरी त्याचा अख्खा दिवस त्या पानाभोवतीच फिरतो. ‘फाया दायी’ हे तोडणी करणाऱ्यांच्या गाण्यातले शब्द आहेत. अर्थ साधारण असा, की आरोग्याला, सुखाला जन्म दे.