तिरप्या नजरेनं

रोखून पाहिलं की नाहीसा होतो, असा एक धुरकट ठिपका आकाशात आहे. देवयानी दीर्घिका. तिच्याकडून निघालेला प्रकाश इथवर यायला सुमारे २५ लाख वर्षं घेतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी आपण फार लक्ष देऊन बघतो म्हणून तो हुकतो!

दोष डोळ्याच्या रचनेत आहे. रोखलेली नजर पडद्याच्या ज्या मध्यबिंदूवर पडते, तिथे शंकूपेशीच असतात. त्यांना रंग आणि बारकावे कळतात, पण भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी आजूबाजूला. म्हणून हात लांब करून मूठ धरावी, तिची रुंदी साधारण १० अंश, आणि ठिपक्याच्या तेवढं वर बघावं. नजर वर, लक्ष मात्र ठिपक्यावर. हे जमायला वेळ लागतो, कारण नजर जाईल तिथे लक्ष फरफटत जायची सवय जुनी आहे.

रात्र अमावस्येच्या आसपासची हवी, जागा दिव्यांपासून लांबची. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच कुणी ‘किती वाजले?’ म्हणून मोबाईल उघडला की सगळं पहिल्यापासून. उत्तर गोलार्धात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री भाद्रपदेचा चौकोन, म्हणजे चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, उंच असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून निघणाऱ्या रांगेतला दुसरा ठळक तारा धरायचा, तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेनं दोन मंद तारे चढायचे. त्यांतल्या दुसऱ्याच्या शेजारीच ती दीर्घिका आहे.

‘मी कोण?’ म्हणून डोळे मिटून बसणाऱ्याची गतही अशीच. थेट ‘मी’लाच धरायला जावं तर हाती लागतं काय? गुडघ्याची कळ, उद्याचं काम, आणि ‘आज ध्यान छान लागलंय’ हा विचार. ‘नेति नेति’ची, म्हणजे ‘हे नव्हे, हे नव्हे’ची, कसोटी सरळ आहे: जे जे दिसलं, ते पाहणारा नव्हे. पण पाहणाऱ्याकडेच वळावं, तर तिथेही एक नवा विचार मांडी घालून बसलेला!

इथेही मूठभर बाजूला बघावं. श्वास बाहेर गेला की एक आकडा, १० झाले की पुन्हा १. श्वास सोडायचा नाही, सुटू द्यायचा. नवशिके तो मुद्दाम लांबवतात आणि थोड्याच वेळात कासावीस होतात. तसं झालं तर मोजणं थांबवून श्वासाला त्याच्या चालीनं जाऊ द्यावं. दुसरी चूक उलटी: आकडे १४-१५ वर पोचतात, मोजणारा केव्हाच उठून गेलेला असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो, म्हणजे १० श्वासांना मिनिटसुद्धा लागत नाही. तेवढ्यातही आपण हरवतो.

मग केव्हातरी ‘अरे, भरकटलो’ हे उमगतं. कुणाला उमगलं? शोधायला वळू नये, वळलं की विझतं. मुकाट्यानं १ म्हणावं आणि ते उमगणं कडेला राहू द्यावं.

तासाभरानं डोळे उघडून वर बघावं. चौकोन मूठभराहून थोडा जास्तच पश्चिमेला गेलेला असतो. खरं तर तो जागचा हललेला नसतो. तासाला १५ अंश फिरली ती आपल्या बुडाखालची सतरंजी.